पित्ताशय पोटात, मग पंप पायाला कशाला?

गेल्या महिन्यात या पानावर दुर्बिणीच्या ऑपरेशनच्या वेळच्या भुलीविषयी लिहिलं होतं. त्यावर जी पत्रं आली, त्यांत पोटापेक्षा पायांबद्दलच जास्त विचारलंय. मला याचं फार बरं वाटलं. 27 वर्षं मी नाशिकमध्ये भूल देते. नाशिकरोडपासून म्हसरूळपर्यंत जिथून बोलावणं येईल तिथे जाते. गाडीच्या डिकीत भुलीची बॅग असते आणि तिच्या शेजारी पायाला लावायचा एक पंप. तो पंप मी स्वतःच्या पैशांनी का घेतला, हे पुढच्या एका उत्तरात येईलच. या वेळी सगळी पत्रं पायांचीच घेतली आहेत.

प्रश्न : माझ्या आईच्या पित्ताशयात खडे आहेत. वय 58, उंची 5 फूट 1 इंच, वजन 78 किलो. दोन्ही पायांच्या शिरा फुगलेल्या आहेत, पण त्यांचा तिला काही त्रास नाही. दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं ठरलंय. अंदाजपत्रकात 'डीव्हीटी पंप आणि पट्टे' अशी वेगळी रक्कम लावली आहे. पित्ताशय पोटात, भोकंही पोटाला चारच, मग पंप पायाला कशाला? बिल वाढवायचा हा प्रकार तर नाही ना? स्पष्ट विचारल्याबद्दल राग मानू नये.
— एक वाचक, सातपूर

उत्तर : राग कसला? पैसे तुमचे आणि आईही तुमची. विचारायलाच हवं.

डीव्हीटी म्हणजे पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होणं. ती होऊ नये म्हणून हा पंप. आधी पायात काय चालतं ते बघू. हृदय रक्त खाली पायापर्यंत ढकलतं, पण ते परत वर आणायला पायात वेगळं हृदय नाही. ते काम पोटरी करते. आपण पाऊल टाकतो तेव्हा पोटरीचा स्नायू आवळतो, आतल्या शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर सरकतं. शिरांमधल्या झडपा ते पुन्हा खाली येऊ देत नाहीत. भूल दिल्यावर आम्ही स्नायू सैल पडण्याचं औषध देतो. त्या क्षणापासून पोटरी बंद. भुलीनं शिराही सैलावतात आणि त्यांत रक्त साठून राहतं. हे कुठल्याही मोठ्या ऑपरेशनमध्ये होतं.

दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये यावर आणखी दोन गोष्टींची भर पडते. आत नीट दिसावं म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. त्याचा दाब, आपण बीपी मोजतो त्याच मापात, साधारण 12 ते 15 ठेवतात. ऐकायला आकडा लहान वाटतो. पण पायांकडून रक्त घेऊन वर जाणारी मोठी शीर पोटातूनच जाते, आणि आडव्या पडलेल्या माणसाच्या त्या शिरेतला दाब दहाच्या आतच असतो. म्हणजे बाहेरचा दाब आतल्यापेक्षा जास्त. आपल्याकडे द्राक्षाच्या बागेत ठिबकच्या नळीवर कुणाचा पाय पडला की पुढचे थेंब मंदावतात, तसंच. नळी फुटत नाही, पूर्ण बंदही होत नाही, पण मागे पाणी तुंबतं. इथे मागे म्हणजे मांडीत आणि पोटरीत.

दुसरी गोष्ट खास पित्ताशयाची. आतडी खाली सरकावीत आणि पित्ताशय मोकळं दिसावं म्हणून टेबल डोक्याकडून उचलतात. पाय खाली जातात. आई तासभर जणू तिरकी उभी असते, पण एकही पाऊल टाकत नाही.

जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ विर्चो यांनी 1856 मध्ये मांडलेल्या विचारांतून आलेली, शिरेत गुठळी होण्याची तीन कारणं आजही आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो : रक्ताची गती मंदावणं, शिरेच्या अस्तराला इजा होणं आणि रक्तात गोठण्याचा कल वाढणं. कापाकापी झाली की शरीर रक्तस्राव थांबवण्याच्या तयारीला लागतं आणि तिसरं कारण आपोआप हजर होतं. वायूनं आणि तिरक्या टेबलानं पहिलं हजर होतं. शिरा आधीच फुगलेल्या असतील, तर रक्त तिथे एरवीही रेंगाळत असतं. (विर्चो यांचा जन्मदिवस 13 ऑक्टोबर. गुठळ्यांविषयीची जागरूकता वाढावी म्हणून तो जगभर पाळला जातो.)

आता पंप. पट्टे कापडी असतात, आत हवेचे कप्पे असतात. पोटरीला किंवा मांडीपर्यंत गुंडाळून ते वेल्क्रोनं बसवतात. मी पट्टा लावल्यावर आत दोन बोटं सरकवून बघते. बोटं सहज गेली पाहिजेत, पण पट्टा लोंबता कामा नये. यंत्र सुरू झालं की आधी घोट्याचा कप्पा फुगतो, मग पोटरीचा, मग मांडीचा. दाब साधारण 40 ते 45. दहा-बारा सेकंद धरून ठेवतं, मग सोडतं, सुमारे मिनिटभर थांबतं आणि पुन्हा सुरू. बंद पडलेल्या पोटरीचं काम बाहेरून करून देणं, एवढंच त्याचं काम. पोटात वायू असताना मांडीतल्या शिरेतला प्रवाह मंदावतो आणि पंप लावल्यावर तो बराच सुधारतो, हे ऑपरेशन चालू असताना सोनोग्राफीनं मोजून पाहिलेलं आहे.

मी पंप भूल द्यायच्या आधीच सुरू करते, रुग्ण जागा असताना. एक तर पोटरी बंद पडायच्या आधी पर्याय चालू झालेला बरा. दुसरं म्हणजे पट्टा कुठे बोचत असेल तर रुग्ण सांगू शकतो. झोपल्यावर कोण सांगणार? बायका बहुतेकदा म्हणतात, "अगं बाई, कुणीतरी पाय चेपून देतंय असं वाटतंय." पैंजण मात्र काढावंच लागतं. जोडव्यांवरून पुष्कळ वेळा थिएटरच्या दारात रडू येतं. पट्ट्याखाली धातू राहिला तर तो कातडीत रुततो, आणि रक्तस्राव थांबवायला वापरतात त्या विजेच्या उपकरणामुळे भाजण्याची भीती असते. म्हणून आईला घरूनच समजावून, काढून आणा. तिच्या हातून, तिच्या देव्हाऱ्यासमोर काढलेली जोडवी वेगळी. अनोळखी सिस्टरनं घाईत ओढलेली वेगळी.

मग तुमच्या आईला पंप लागेल का? यासाठी डॉक्टर गुण मोजतात. जगभर वापरली जाणारी कॅप्रिनी यांची पद्धत आहे, तीच इथे लावून दाखवते. वय 41 ते 60 मध्ये, 1 गुण. दुर्बिणीचं ऑपरेशन 45 मिनिटांहून जास्त चाललं तर 2. उंचीच्या मानानं वजन जास्त, 1. पायाच्या फुगलेल्या शिरा, 1. झाले पाच. पाच आणि त्यापुढे म्हणजे जास्त जोखमीची रांग. म्हणजे पंप हवाच, आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या इंजेक्शनचाही विचार सर्जननं करायला हवा. रक्तस्रावाची भीती किती, हे बघून ते ठरवतील. शिरांचा 'काही त्रास नाही' म्हणून त्या सांगायच्या राहून जातात. भूल देणाऱ्या डॉक्टरांना साडी वर करून त्या दाखवायला आईला लाजू देऊ नका.

तिशीतली सडपातळ बाई असती आणि अर्ध्या तासात ऑपरेशन आटोपणार असतं, तर संध्याकाळी उठून चालणं एवढंही पुष्कळ वेळा पुरतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण सगळ्यांना सगळं लावणंही मला पटत नाही.

बिलाबद्दल एक विचारा. पट्टे एकाच रुग्णासाठी असतात, तेव्हा ते नवीन उघडले का? आणि ऑपरेशननंतर ते वॉर्डातही चालू ठेवणार का? कित्येक ठिकाणी पंप थिएटरच्या दाराशीच काढला जातो. आई नीट चालायला लागेपर्यंत पलंगावरही तो चालू राहायला हवा. बाथरूमला जाताना काढायचा आणि आल्यावर परत लावायचा. हे नातेवाइकांनीच सिस्टरना आठवण करून द्यावं. त्यांच्या हाताखाली वीस पेशंट असतात.

आणि एक विनंती. पंप लावण्याआधी आईचा एखादा पाय दुसऱ्यापेक्षा जास्त सुजलेला किंवा दुखरा असेल तर जरूर सांगा. पायात आधीच गुठळी असेल तर त्यावर पंप चालवत नाहीत. आधी शिरांमधला रक्तप्रवाह दाखवणारी डॉप्लर सोनोग्राफी करतात.

प्रश्न : वय 42. गर्भाशयात गाठी आहेत, दुर्बिणीतून गर्भाशय काढायचं आहे. तारीख दसऱ्यानंतरची घेतली आहे. आमच्याकडे घट बसतात, म्हणून पाळी पुढे ढकलायची गोळी आणून ठेवली आहे. दर वर्षी घेते. हे डॉक्टरांना सांगण्याइतकं महत्त्वाचं आहे का?
— एक भगिनी, इंदिरानगर

उत्तर : ताई, हे सांगण्याइतकं महत्त्वाचं आहे. खूपच. हा प्रश्न विचारल्याबद्दल तुमचे आभार मानते, कारण दहांतल्या नऊ जणी हे सांगत नाहीत. आम्ही विचारतो, "काही औषधं चालू आहेत का?" उत्तर येतं, "नाही." सणाची गोळी कुणी औषधात धरतच नाही.

या गोळीत बहुधा नॉरएथिस्टेरॉन असतं. पाळी पुढे ढकलण्यासाठी ते दिवसातून दोन-तीनदा घेतात, आणि त्या मात्रेत त्याचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनच्या जातीच्या हार्मोनमध्ये बदलतो. गर्भनिरोधक गोळ्यांत असतं तेच हे हार्मोन. इस्ट्रोजेननं रक्ताचा गोठण्याकडचा कल वाढतो. म्हणूनच इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या मोठ्या नियोजित ऑपरेशनच्या साधारण चार आठवडे आधी थांबवायला सांगतात. गर्भाशयाच्या ऑपरेशनमध्ये पाय उचलून आधारांवर ठेवलेले असतात, ऑपरेशनही पित्ताशयापेक्षा लांबतं. त्यात ही गोळी नको.

तुमच्या बाबतीत एक गुंतागुंत आहे. गाठींमुळे जास्त रक्तस्राव होत असेल, तर याच जातीची गोळी स्त्रीरोगतज्ज्ञांनीच दिलेली असू शकते. म्हणून माझं वाचून स्वतःच काही बंद करू नका. गोळीचं पाकीट पर्समध्ये घालून घेऊन जा आणि टेबलावर ठेवा. आई, भाऊ, मावशी यांपैकी कुणाला कमी वयात पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली होती का, तुमचे स्वतःचे एकापाठोपाठ गर्भपात झालेत का, हेही त्याच वेळी सांगा.

घटांचं म्हणाल, तर आजारपणात घट घरातल्या दुसऱ्या कुणी सांभाळले तर देवी रागावत नाही, असं माझी आजी म्हणायची. ती सप्तशृंगीला पायी जाणारी बाई होती.

प्रश्न : वय 66, पंधरा वर्षांपासून मधुमेह, विडी तीन वर्षांपूर्वी सोडली. हर्नियाचं दुर्बिणीचं ऑपरेशन आहे. गुठळी होऊ नये म्हणून मेडिकलमधून लांब घट्ट मोजे आणले आणि आतापासूनच सवय व्हावी म्हणून घालतो. रात्री पाऊल गार पडतं, बधिर वाटतं. मांडीवरून मोजा घसरतो म्हणून वरून दुमडून ठेवतो. बरोबर करतोय ना?
— एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : काका, मोजे आजच काढा. हे वाचलंत की लगेच.

शिरांतून रक्त वर ढकलण्यासाठी हे मोजे असतात. पण पायाला रक्त पोचवणाऱ्या धमन्याच अरुंद झाल्या असतील, तर तेच मोजे येणारं थोडं रक्तही अडवतात. मधुमेह आणि विडी ही धमन्या अरुंद होण्याची दोन मोठी कारणं. पाऊल गार पडणं आणि बधिर होणं याच्याकडे दुर्लक्ष करू नका. मधुमेहानं पायाची जाणीव कमी झालेली असते, त्यामुळे कातडीला जखम होत असली तरी कळत नाही. घोट्यापाशी आणि पावलाच्या वर नाडी लागते का, हे ऑपरेशनआधी डॉक्टरांकडून बघून घ्या. शंका वाटली तर ते धमन्यांचं डॉप्लर सांगतील. चालताना पोटरीत गोळे येऊन थांबावं लागत असेल, तर तेही सांगा.

मोजा वरून दुमडला की दुपदरी होतो आणि तिथेच एक घट्ट पट्टा तयार होतो. खाली ढिला आणि वर आवळ, म्हणजे नेमकं उलटं. चांगल्या मोज्याचा दाब घोट्याला सगळ्यात जास्त असतो, वर जाताना कमी होत जातो. तो पायाचं माप टेपनं घेऊनच द्यायचा असतो, घोट्याचं, पोटरीचं आणि लांब मोजा असेल तर मांडीचंही. पायाचं माप न घेता काउंटरवरून 'लार्ज' उचलून दिलेला मोजा घेऊ नका.

मोज्यांबद्दल अलीकडे आम्हा डॉक्टरांचंही मत बदललंय. ब्रिटनमधल्या रुग्णांवरच्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2020 मध्ये आले. ठरलेल्या ऑपरेशनसाठी आलेल्या, मध्यम ते जास्त जोखमीच्या रुग्णांना रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन मिळत असेल, तर वरून मोजे घालून फारसा वेगळा फायदा दिसला नाही. तेव्हा मोजे नसले म्हणून घाबरू नका. पायाची नाडी चांगली असेल तर त्या दिवशी पंप लावता येईल, पण तोही नाडी बघूनच.

लहान दवाखान्यांत पंप नसला की दोन्ही पायांना क्रेप बँडेज गुंडाळतात. काही नसण्यापेक्षा बरं म्हणून मीही पूर्वी गुंडाळायचे. पण हातानं गुंडाळलेल्या बँडेजचा दाब सगळीकडे सारखा राहत नाही, आणि वरचा वेढा घट्ट बसला तर ते मदत करण्याऐवजी फास होतं. तुमच्यासारख्या पायाला तर मुळीच नको.

प्रश्न : मी माळकरी आहे. ऑपरेशननंतर पोटात टोचायचं रक्त पातळ करणारं इंजेक्शन प्राण्यापासून बनतं असं ऐकलं. खरं आहे का? खरं असेल तर काय करावं?
— एक वाचक, त्र्यंबकेश्वर

उत्तर : खरं आहे, माउली. हेपॅरिन आणि त्यापासून तयार होणारं एनॉक्सापॅरिन डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढतात. हेपॅरिनचा शोध 1916 मध्ये लागला, तोही कुत्र्याच्या यकृतातून. रुग्णानं विचारल्याशिवाय हे सांगितलं जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

फोंडापॅरिनक्स नावाचं इंजेक्शन आहे, ते पूर्णपणे प्रयोगशाळेत बनवलेलं असतं. ते सगळ्यांना चालतं असं नाही. मूत्रपिंड अशक्त असेल तर अडचण येते. पण पर्याय आहे. जोखीम कमी असेल तर पंप आणि लवकर चालणं यावरही भागू शकतं. म्हणून तपासणीच्या दिवशीच सांगा, "माझ्या गळ्यात माळ आहे, इंजेक्शन कशाचं आहे ते मला आधी सांगा." डॉक्टरांना बदल करायला वेळ मिळतो. ऑपरेशनच्या रात्री सिस्टर सिरिंज घेऊन आल्यावर नाही म्हणालात, तर पर्याय हाताशी नसतो आणि तुम्ही उघड्यावर राहता. आणि जोखीम जास्त आहे, दुसरं काहीच बसत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, तर जीव वाचवण्यासाठी घेतलेल्या औषधाबद्दल घरच्यांशी, आपल्या फडावरच्या महाराजांशी बोलून ठरवा. तो निर्णय तुमचा.

प्रश्न : सासूबाईंचं दुर्बिणीतून गर्भाशय काढलं. ऑपरेशन छान झालं, तिसऱ्या दिवशी घरी आणलं. मी त्यांना चालवते तर घरातले ओरडतात, टाके ओले आहेत, झोपू दे. नणंद रोज संध्याकाळी तेल लावून पाय चेपते. सासूबाईंनाही ते आवडतं. कोणाचं ऐकू?
— एक सून, सिन्नर

उत्तर : चालण्याच्या बाबतीत स्वतःचं ऐका. चेपण्याच्या बाबतीत माझं ऐका, कारण ती चूक मी स्वतः केलेली आहे.

माझ्या मोठ्या जाऊबाई निफाड तालुक्यात असतात. चौदा वर्षांपूर्वी त्यांचं हेच ऑपरेशन झालं. डिसेंबर होता, निफाडची ती थंडी, आणि बागेत थिनिंग, म्हणजे घडांची विरळणी चालू, त्यामुळे घरातलं माणूसन् माणूस द्राक्षात. त्या दिवसभर गोधडीत पडून. नवव्या दिवशी त्यांचा फोन आला, "डावी पोटरी भरून आलीय गं." मी एका ऑपरेशनमधून दुसऱ्याकडे निघाले होते. मी म्हटलं, "झोपून झोपून आखडली असेल, वहिनी. कोमट तेल लावून चोळून घ्या." भूल देणारी डॉक्टर मी, आणि हे बोलले. सुनेनं दोन संध्याकाळी मन लावून चोळून दिलं.

तिसऱ्या दिवशी पुतण्यानं फोटो पाठवला. खाटेवर दोन पाय शेजारी शेजारी. उजव्या पायातलं पैंजण नेहमीसारखं घोट्यावर सैल पडलेलं. डाव्या पायातलं कातडीत रुतलेलं, वरखाली मांस फुगलेलं आणि कडी दिसेनाशी झालेली. तो फोटो बघून माझे हात गार पडले. त्याच दुपारी डॉप्लर झालं. गुडघ्यापासून मांडीपर्यंत गुठळी होती, आणि सीटी स्कॅनमध्ये एक छोटा तुकडा फुप्फुसातही दिसला. मोठा असता तर हे उत्तर मी लिहीत बसले नसते. तीन महिने गोळ्या घेऊन त्या बऱ्या झाल्या. त्यानंतर महिनाभरात मी पंप विकत घेतला. त्यांच्या परवानगीनं तो फोटो माझ्या फोनमध्ये ठेवलाय, आणि रुग्णाबरोबर आलेल्या घरच्या माणसाला मी तो दाखवते.

टेबलावरचा पंप त्या दोन तासांची काळजी घेतो. गुठळीचा धोका मात्र ऑपरेशननंतर कित्येक आठवडे राहतो, आणि पुष्कळ गुठळ्या घरी गेल्यावरच होतात. दवाखान्यातून सुटी झाली की घरचे निर्धास्त होतात, म्हणून हे जास्त कळकळीनं सांगते.

दुखऱ्या, सुजलेल्या पोटरीला तेल नको, चोळणं नको, शेकणंही नको. आत गुठळी असेल तर ती सुटून वर जाऊ शकते. नणंदेला दुखवू नका. पाय चेपण्यात माया असते. तिला वेगळं काम द्या. दर तासाला सासूबाईंकडून घोटा दहा-पंधरा वेळा वर-खाली करवून घ्यायचा, पंजा आपल्याकडे ओढायचा आणि पुढे ढकलायचा. आणि दिवसातून पाच-सहा वेळा हात धरून अंगणात न्यायचं. दुर्बिणीचे टाके चालण्यानं सुटत नाहीत. पाणी प्यायला द्या. बाथरूमला जावं लागू नये म्हणून या वयाच्या बायका पाणीच कमी पितात.

रोज सकाळी दोन्ही पोटऱ्या उघड्या करून शेजारी शेजारी बघा. एकच पाय सुजला, तो गरम किंवा लालसर वाटला, दुखायला लागला, तर त्याच दिवशी सर्जनला फोन करा आणि डॉप्लर करून घ्या. उद्यावर टाकू नका. डावा पाय जास्त वेळा सापडतो, कारण डाव्या पायाकडून येणारी शीर ओटीपोटात धमनीच्या खालून जाते आणि तिथे थोडी दबलेली असते. गुठळीचा अंदाज घ्यायची रक्ताची डी-डायमर तपासणी या दिवसांत फारशी कामाची नाही, ऑपरेशननंतर ती तशीही वाढलेली येते.

पहिले दोन-तीन दिवस खांदा दुखला तर घाबरू नका. पोटात भरलेल्या वायूनं श्वासपटल चुरचुरतं आणि ते दुखणं खांद्यात जाणवतं. आपोआप जातं. पण अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत टोचलं, खोकल्यातून रक्त आलं, चक्कर येऊन घेरी आली, तर 108 ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा आणि पहिल्याच वाक्यात सांगा, "अमुक दिवसांपूर्वी ऑपरेशन झालंय." त्या एका वाक्यानं डॉक्टरांचा विचार योग्य दिशेला जातो.

प्रश्न : दुर्बिणीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन दहा दिवस झाले. भाचीच्या लग्नाला मुंबईला पंचवटी एक्सप्रेसनं जाऊ का?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : सर्जननं टाके बघून हो म्हटलं असेल तर जा. बसपेक्षा रेल्वे बरी, उठता येतं. खिडकीची जागा दुसऱ्याला द्या, तुम्ही वाटेच्या बाजूला बसा. इगतपुरी आली की उठून डब्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन या, कसारा उतरल्यावर पुन्हा एकदा, कल्याणला आणखी एकदा. मधल्या वेळात बसल्या बसल्या टाचा उचलत राहा. पायावर पाय टाकून बसू नका, आणि पिशवी पायाशी ठेवून गुडघे अडकवून घेऊ नका, ती वर ठेवायला कुणालातरी सांगा. टाके नवे आहेत, तुम्ही उचलू नका.